पांढऱ्या चकतीची तबकडी

पूर्व लंडनच्या बो भागात, रोमन रोडवर ‘रिदम डिव्हिजन’ नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. 2000 नंतरच्या काही वर्षांत आसपासच्या सरकारी वसाहतींतली पोरं घरच्या कॉम्प्युटरवर रचलेल्या धुनांच्या तबकड्या छापून आणत आणि तिथल्या काउंटरवर विकायला ठेवत. मधली चकती कोरी पांढरी, फार तर रबरी शिक्का किंवा मार्करने लिहिलेली दोन अक्षरं. वायली हा संगीतकार तर गाडीच्या डिकीत तबकड्या भरून दुकानोदुकानी फिरायचा. त्याची ‘एस्किमो’ 2002 मध्ये अशीच बाहेर आली. ग्राइम ही संगीतशैली जन्मली ती अशा कोऱ्या चकतीच्या तबकड्यांवर, म्हणजे व्हाइट लेबलवर. दुकान 2010 मध्ये बंद झालं. ग्राइमच्या तबकड्या मात्र आजही निघतात, आणि संग्राहकाने त्यांतल्या कोणत्या घ्याव्यात याचं उत्तर त्या काउंटरवरच आहे.

ग्राइमची तबकडी मुळात नुसती घरी बसून ऐकण्यासाठी नव्हतीच. ती कामाची वस्तू होती. गच्चीवर चोरून अँटेना उभारून चालवलेल्या रेडिओ केंद्रांत डीजे ती वाजवायचा आणि मिनिटाला सुमारे 140 ठोक्यांच्या त्या धुनेवर एमसी, म्हणजे रॅप करणारे कलाकार, शब्दांची फैर झाडायचे. रिन्स एफएम 1994 पासून असंच विनापरवाना चाललं, परवाना मिळाला 2010 मध्ये. त्या केंद्राचा डीजे स्लिमझी याला 2005 मध्ये उंच इमारतींच्या गच्चीवर जायलाच कायद्याने मनाई झाली होती. ग्राइमचा निर्माता जॅमर याच्या घरच्या तळघरात वायली आणि केनो या एमसींचा शब्दांचा सामना झाला, तो 2004 च्या ‘लॉर्ड ऑफ द माइक्स’ या डीव्हीडीवर आहे. तो पाहताना मला आपला कलगी-तुरा आठवतो. समोरच्याला शब्दांत अडकवायचं, प्रसंगी त्याचं कूळ काढायचं, आणि निवाडा श्रोत्यांवर सोडायचा. एखादी ओळ जमली की श्रोते ओरडतात, डीजे हाताने तबकडी मागे फिरवतो आणि धून पहिल्यापासून सुरू होते. म्हणून ग्राइमच्या बारा इंची तबकडीवर शब्दांविना धून असणं ही चैन नाही, गरज आहे. त्या धुनेचं आयुष्य किती लांब असू शकतं पाहा: रफ स्क्वॉड या ग्राइम गटातल्या एक्सटीसीने 2004 मध्ये केलेली ‘फंक्शन्स ऑन द लो’ रॅपर स्टॉर्मझीने 2015 च्या ‘शट अप’साठी घेतली आणि ते गाणं ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकावर गेलं.

छपाईच्या आधीची पायरी म्हणजे डबप्लेट. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा मऊ थर, त्यात थेट कोरलेली खाच. दक्षिण लंडनच्या ट्रान्झिशन स्टुडिओत डीजे रांग लावून त्या कापून घेत. दर वेळी सुई थर थोडा खरवडते, काही डझन वेळा वाजवली की वरचे सूर विरू लागतात. ज्याच्याकडे ती एकमेव प्रत, त्याचा कार्यक्रम ऐकायला लोक थांबत. फेब्रुवारी 2020 मध्ये कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला, तेव्हा असे पत्रे बनवणारी जपानची एमडीसी हीच मोठी कंपनी उरली. तबकड्या काढणाऱ्या जगभरच्या छोट्या कंपन्यांना, म्हणजे लेबलांना, त्याची झळ बसली.

आता खरेदीचं. ग्राइमचा प्राण खालच्या सुरांत आहे, आणि खर्ज जितका जोरकस तितकी खाच रुंद लागते. अल्बमच्या एका बाजूला चार-पाच गाणी कोंबली की खाचा आक्रसतात, आवाज बसतो. बारा इंची, मिनिटाला 45 फेऱ्यांच्या वेगाची, बाजूला एक किंवा दोन धुना असलेली तबकडी याच कारणाने सरस. तबकडीच्या रंगीत प्लास्टिकला भुलू नका.

लेबलांत माझा पहिला कौल ब्रिस्टलच्या ‘बंदुलू’ला. कान आणि नीक या जोडीने ते काढलं, 2012 ची त्यांची ‘पर्सी’ ऐकली की जुन्या व्हाइट लेबलचा दरारा समजतो. ‘व्हाइट पीच’ ग्राइम आणि त्याच्या जवळच्या डबस्टेप शैलीच्या तबकड्या काढतं, इतर छोट्या लेबलांच्या विकतंही. तिथे नवीन काय आलं यावर नजर ठेवावी. इलायजा आणि स्किलियम यांच्या ‘बटर्झ’ने 2010 पासून धुनांना पुन्हा मान मिळवून दिला, त्यांच्या जुन्या तबकड्या मिळाल्या तर सोडू नयेत. काही अल्बम मात्र अपवाद आहेत. शांत, जवळजवळ ठोक्याविना ग्राइम हवं असेल तर लोगोसचं ‘कोल्ड मिशन’ (2013), आणि पाया पक्का करायचा तर टेरर डांजाचं ‘ग्रेमलिन्झ’ (2009) घ्या. डिझी रास्कलच्या ‘बॉय इन द कॉर्नर’ची वीस वर्षांनिमित्त 2023 मध्ये निघालेली वाढीव आवृत्तीही संग्रहात हवीच. जेएमईने 2019 मध्ये ‘ग्राइम एमसी’ आधी फक्त सीडी आणि तबकडीवर आणलं, इंटरनेटवर नाही. ऐकायचं तर विकत घ्या, हा त्याचा आग्रह मला फार भावला.

वायलीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. 2020 मध्ये त्याने ज्यूंविरुद्ध जे विष ओकलं त्यानंतर त्याच्या जुन्या तबकड्या मी इतिहास म्हणून ठेवल्या, नवी एकही घेतलेली नाही.

जुनी प्रत घेताना चकतीलगतच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला क्रमांक उजेडात धरून वाचा. पुनर्मुद्रण आणि नकला बहुधा तिथेच उघड्या पडतात. आणि पहिली खरेदी करणार असाल तर अल्बम मागे ठेवा. शब्दांविना धून असलेली, 45 ची, साध्या पाकिटातली बारा इंची तबकडी आधी घ्या. ती थोड्याच प्रतींत निघते आणि संपल्यावर पुन्हा छापली जाईल याची हमी कुणी देत नाही.