दुधाळ पाणी ओतून देऊ नका

नवी फिशटँक घरात आली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ दिसू लागतं, आणि लगेच सल्ला मिळतो: 'पाणी खराब झालंय. सगळं काढा, खडी धुवा, स्पंज नळाखाली चोळून घ्या.' दुकानदार हेच सांगतात, शेजारीही हेच सांगतात. या सल्ल्यापायी चांगले धडधाकट मासे मरतात आणि दोष मात्र 'पाणी मानवलं नाही' म्हणून पाण्यावर ढकलला जातो.

ती पांढरी झाक म्हणजे पाण्यात तरंगणारे जीवाणू. उरलेलं खाद्य आणि विष्ठा यांवर ते जगतात, काही तासांत दुप्पट होतात आणि अन्न आटलं की कमी होतात. बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत पाणी आपोआप निवळतं. सगळं पाणी बदललं तरी मासे तेच आणि खाद्यही तेवढंच, त्यामुळे झाक पुन्हा येते.

खरं नुकसान होतं ते धुण्यानं. माशांनी सोडलेल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव वेगळे. ते मुख्यतः स्पंज, खडी आणि काचेला चिकटून राहतात. त्यांना दुप्पट व्हायला एखादा दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. पुरेशी वसाहत जमायला साधारण चार ते सहा आठवडे. क्लोरीनच्या पाण्यात स्पंज चोळला की ती कमाई गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चिकटून राहणारे सूक्ष्मजीव हे काम करतात, ही शौकिनांची ऐकीव समजूत नाही. टिमोथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये दाखवून दिलं, की गोड्या पाण्याच्या टाकीत नायट्राइट संपवण्याचं काम नायट्रोस्पायरा जातीचे जीवाणू करतात. तोवर त्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जाई.

मग करायचं काय? खाद्य निम्म्यावर आणा. हवेचा पंप रात्रीही चालू ठेवा, कारण हे तरंगणारे जीवाणू पाण्यातला ऑक्सिजन वापरतात. नवे मासे आणू नका. टेस्ट किटमध्ये अमोनिया दिसला तर चौथा हिस्सा पाणी बदला, नवं पाणी अँटीक्लोरीन घालूनच ओता. स्पंज तुंबलाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.

'पाणी नितळ म्हणजे सुरक्षित' हेही खोटं. अमोनियाला रंग नसतो. पीएच 7 वरून 8 वर गेला तर त्यातला विषारी भाग जवळपास दहापट होतो.

टाकी भरताक्षणी आलेला गढूळपणा खडीच्या धुळीचा असतो, तो खाली बसतो. हिरवं पाणी शेवाळाचं. त्यासाठी दिवा कमी वेळ लावा आणि टाकीवर ऊन येऊ देऊ नका. लाकडाच्या ओंडक्यानं आलेला चहासारखा रंग माशांना अपाय करत नाही. आणि निळं औषध दुधाळ पाण्यावरचा उपाय नव्हे. मेथिलीन ब्लू बुरशीसाठी असतं. फिल्टरमधल्या उपयोगी जीवाणूंनाही त्याचा त्रास होतो, म्हणून ते मुख्य टाकीत घालू नये.