उन्हाळ्याच्या तारखा, आपल्या दाराशी!

वडखळ मागे टाकून गोव्याच्या दिशेने निघालं की महामार्गावर गडब गाव लागतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारेपाट, म्हणजे खाडीकाठची भातजमीन, आणि त्यापलीकडे धरमतरची खाडी. मार्चपासून पाऊस येईपर्यंत इथे उन्हाचा नुसता रखरखाट असतो. पण मार्च ते जून याच चार महिन्यांत जगभर पाळले जाणारे ‘दिवस’ आणि आपल्या रायगडच्या मातीत घडलेल्या घटना अगदी लागोपाठ येतात. चला, तारीखवार पाहूया.

२० आणि २२ मार्च : पाणी सगळ्यांचं

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. कागदावरचा हक्क ओंजळीत यायला सत्याग्रह करावा लागला. दोनच दिवसांनी, २२ मार्चला जागतिक जल दिन असतो. संयुक्त राष्ट्रांनी तो १९९३ पासून सुरू केला. पाणी सगळ्यांचं, हे महाडने जगाच्या ६६ वर्षं आधी सांगितलं!

आणि आज? हेटवणे धरण पेण तालुक्यातलंच. त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि खारेपाटातल्या गावांना ऐन उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जल दिनाचं खरं काम इथेच आहे.

१४ एप्रिल : जयंती आणि आगीची आठवण

आंबेडकर जयंतीचा दिवस सगळ्यांना पाठ असतो. त्याच तारखेला १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा भीषण स्फोट झाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान प्राणाला मुकले. म्हणून १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन आणि पुढचा आठवडा अग्निसुरक्षेचा. डोलवी, नागोठणे, रोह्याजवळचं धाटाव इथले मोठे कारखाने ज्यांच्या शेजारी आहेत, त्या गावांनी हा आठवडा तरी चुकवू नये.

१६ एप्रिल : कोकणभर धावायला १४५ वर्षं

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली देशातली पहिली प्रवासी गाडी. कोकणाला मात्र ताटकळावं लागलं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी, म्हणजे जवळजवळ १४५ वर्षांनी. आणि ती सुरू कुठून होते? आपल्या रोह्यापासून. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, पुढे कोकण रेल्वे.

१८ एप्रिल : गागोद्याचा मुलगा, पोचमपल्लीची जमीन

विनोबा भावे यांचा जन्म १८९५ चा, पेण तालुक्यातल्या गागोदे गावातला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत ४० भूमिहीन कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर देऊ केली. भूदान चळवळ तिथे जन्मली.

हाच दिवस जागतिक वारसा दिनही आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले दोन रायगड जिल्ह्यातले आहेत : रायगड आणि थळच्या समुद्रातला खांदेरी.

१ मे : महाराष्ट्र आणि चिंतामणराव

१ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. त्याआधी, १९५६ मध्ये, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून देशाच्या अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. ते होते चिंतामणराव देशमुख. रोह्याचं घराणं, महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले खासदार. त्यांचं निधन १९८२ साली झालं. महाराष्ट्र दिनाच्या भाषणात त्यांचं नाव यायलाच हवं.

१२ मे : मिठाचा सत्याग्रह, कोकणी आवृत्ती

दांडीला ६ एप्रिल १९३० रोजी मीठ उचललं गेलं आणि १२ मे रोजी वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यात सत्याग्रही मिठागरात उतरले. मिठाचा हंगाम उन्हाळ्याचाच. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात आटवायचं आणि पांढरा थर धरला की ओढून ढीग घालायचे. पहिली सर येण्याआधी मीठ झाकलं नाही तर मेहनत पाण्यात!

३ ते ८ जून : वादळ, झाडं, गड आणि जिताडा

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. दोनच दिवसांनी पर्यावरण दिन होता. खारेपाटात पर्यावरण म्हणजे आधी बंदिस्ती, खाडीचं पाणी अडवणारे बांध. बांधाला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी भातशेतीत घुसतं आणि जमीन नापीक होते. बांधाबाहेरची कांदळवनं लाटांचा जोर मोडतात, म्हणून ती राखायची. उघाड्यांची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारांची, डागडुजीही पावसाळ्याआधीच उरकायची.

६ जून १६७४ ला रायगडावर शिवराज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या वेळी गडावर हजर होता. अकराच दिवसांनी, १७ जूनला, पायथ्याच्या पाचाडला जिजाऊंनी देह ठेवला. पर्यावरण दिनाच्या दुसऱ्याच दिवशी गडावर हजारो शिवभक्त जमतात. जाताना नेलेली पाण्याची बाटली परत खाली आणणं, हाही मुजराच.

८ जूनला जागतिक महासागर दिन. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची समुद्रातली मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ. आता खारेपाटाच्या लाडक्या जिताड्याची गंमत ऐका. हा मासा आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि वाढल्यावर मादी होतो! म्हणजे मोठे जिताडे सरसकट मारले तर अंडी घालणाऱ्या माद्याच संपतात.

१९ जून : अठरा रविवार

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं. साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. शेवटचं, अठरावं प्रवचन १९ जूनला झालं. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक असं उन्हाळाभर, गजांआड घडलं.

आता तुमची पाळी

एवढ्या तारखा नुसत्या स्टेटसला ठेवून भागणार नाही. १ मे रोजी गावोगावी ग्रामसभा भरते. तिथे जा आणि तीन प्रश्न विचारा : टँकर कधी बंद होणार, बंदिस्तीची दुरुस्ती झाली का, शेजारच्या कारखान्यात अपघात झाला तर गावाने काय करायचं? उत्तरं मिळेपर्यंत खाली बसू नका.