बाळंभटदादा देवधर

जून 1818 मध्ये बुऱ्हाणपूरनजीकच्या अशीरगडाच्या परिसरात दुसरा बाजीराव पेशवा माल्कमच्या स्वाधीन झाला आणि वर्षासनावर ब्रह्मावर्तास गेला. राज्य बुडाले, परंतु त्याच्या आश्रयाने वाढलेली मल्लखांबविद्या बुडाली नाही. याचे श्रेय पेशव्यांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांना आहे.

ही विद्या त्यांनी नव्याने निर्मिली नव्हती. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. मात्र ती लुप्तप्राय झाली होती. निजामाच्या राज्यातून आलेल्या अली व गुलाब या मल्लांचे आव्हान तरुण बाळंभटांनी स्वीकारले. वणीच्या सप्तशृंगीवर साधना करून, वानरांच्या उड्या पाहून त्यांनी खांबावरील पकडी बसविल्या आणि अलीला चीत केले, अशी कथा सांगतात.

कथेतील अद्भुत भाग वगळला, तरी त्यामागील विचार शास्त्रशुद्ध आहे. कुस्तीतील जोडीदार हलतो, थकतो. खांब थकत नाही. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत लाकडावर मांड्यांची पकड किंचित सैल झाली, तरी शरीर खाली घसरते. म्हणून मल्लाची चूक तत्क्षणी उघडी पडते.

ब्रह्मावर्तासही बाळंभट पेशव्यांसमवेत होते. दरबार गेला, तरी शिष्यपरंपरेने विद्या आखाड्याआखाड्यांत पोहोचली. 2013 मध्ये मध्यप्रदेशाने मल्लखांब हा राज्यक्रीडाप्रकार म्हणून स्वीकारला. 2019 मध्ये मुंबईत त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ज्या भूमीवर पेशवाईचा शेवट झाला, तिनेच पेशव्यांच्या गुरूच्या विद्येला हा मान द्यावा, हे उचितच होय.