‘सर्व’ आणि ‘नाही’

गेल्या महिन्यात आम्ही फलकावर सूचना लावली होती : ‘सर्व विद्यार्थ्यांनी परीक्षा शुल्क भरलेले नाही.’ दुसऱ्याच दिवशी आठवीतल्या एका मुलीचे वडील पावती घेऊन कार्यालयात हजर! मुलगी रात्रभर रडत होती. आपले पैसे जमाच झाले नाहीत, असा तिचा समज झाला. आम्हाला म्हणायचे होते की काहींचे शुल्क बाकी आहे. तिने वाचले की कोणीच भरलेले नाही. चूक तिची नव्हे, आमच्या वाक्याची. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, सूचनाही आधी हिंदीत सुचली, पण हिंदीतही हा घोळ असाच राहतो.)

गोम अशी की ‘नाही’चा अंमल कुठवर, हे त्या वाक्यात दिसत नाही. तो ‘सर्व’वरही चालला तर ‘सर्वांनी भरले असे नाही’; नुसत्या भरण्यावर चालला तर ‘एकानेही भरले नाही’.

जर्मन गणिती गोटलोब फ्रेगे यांनी १८७९ साली अशा वाक्यांचा सांगाडा मांडून दाखवला. ‘सर्व विद्यार्थ्यांनी शुल्क भरले’ म्हणजे : क्ष कोणीही घ्या, क्ष विद्यार्थी असेल तर क्षने शुल्क भरले आहे. आपली ‘जो जो विद्यार्थी, त्याने त्याने’ ही रचना जवळपास हीच. हे विधान खोटे ठरवायला सारी शाळा लागत नाही, शुल्क न भरलेला एक विद्यार्थी पुरतो.

खरी कसोटी पुढे आहे. ‘प्रत्येक मुलाने एक पुस्तक वाचले.’ सगळ्यांनी तेच, की ज्याने त्याने आपापले? ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रात हा भेद मांडायची सोय नव्हती. फ्रेगे यांच्या पद्धतीत ‘प्रत्येक’ आधी घ्यायचा की ‘एक’, यावर अर्थ ठरतो. मराठीत ‘एकेक पुस्तक’ म्हटले की वाटणी लगेच कळते. ‘एकच पुस्तक’ म्हणाल तर मात्र पुन्हा पंचाईत : तेच ते, की फक्त एक? नववीच्या मुलांनी ग्रंथालयाच्या तासाला यावर जरूर भांडावे.

फलकावर आता नवी सूचना आहे : ‘ज्यांचे शुल्क बाकी आहे त्यांनी शनिवारपर्यंत भरावे.’ मागील इतिवृत्तातले ‘सर्व वर्गांत पंखे बसलेले नाहीत’ हे वाक्यही विश्वस्त मंडळापुढे दुरुस्तीसाठी ठेवत आहोत. पंखे फक्त दोन वर्गांत राहिले आहेत.