अवधाण आणि गंडमाळा

पायास काटा रुतून जखम चिघळली, की जांघेत दुखरी गाठ उठते; तीस अवधाण म्हणतात. मान, काख व जांघ येथील लसिकाग्रंथी म्हणजे शरीराचे पहारेकरीच होत. जंतू अडविताना त्या सुजतात, आणि जखम भरली म्हणजे बहुधा आपोआप ओसरतात.

दुखऱ्या गाठीने मनुष्य घाबरतो व न दुखणारीकडे दुर्लक्ष करितो. वस्तुतः अधिक जपावयाचे ते दुसरीलाच. गंडमाळा, म्हणजे मानेतील ग्रंथींचा क्षय, पुष्कळदा वेदनेवाचूनच वाढते. गाठ कठीण लागली, वाढत चालली, गळ्याच्या हाडाच्या वर उठली, ३-४ आठवड्यांत ओसरली नाही, अथवा जोडीस ज्वर, रात्रीचा घाम वा वजनाची घट असली, तर लेप लावीत न बसता डॉक्टरांस दाखवावी. गंडमाळा सुमारे ६ महिन्यांच्या नियमित औषधाने बहुधा बरी होते. कर्करोग निघाल्यास तोही लवकर कळलेला बरा.