ऑपरेशन थिएटरमध्ये ‘थांबा’ कोण म्हणणार?

घरातलं कुणी ऑपरेशनला आत गेलं की आपण बाहेर बाकड्यावर दुआ करत बसतो. सर्जन कोण, किती अनुभवी, हे विचारून झालेलं असतं. पण आतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे आपण कधीच विचारत नाही. खरं तर जीव त्यावरही अवलंबून असतो.

२००५ साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रॉमिली या दोन मुलांच्या आईला सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल देण्यात आली. तिचा श्वासमार्ग बंद झाला. अनुभवी डॉक्टर घशात नळी घालण्याचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिले. वीस मिनिटांहून जास्त वेळ गेला. एका नर्सने गळ्याला छेद देऊन श्वास सुरू करण्याचं सामान आणून ठेवलं होतं. काय करायला हवं हे काही नर्सना कळत होतं, पण वरिष्ठांना ठामपणे सांगायचं कसं, हे कळत नव्हतं. तेरा दिवसांनी एलेन गेली. तिचे पती मार्टिन वैमानिक होते. त्यांनी कुणावर सूड उगवला नाही. २००७ मध्ये त्यांनी एक संस्था काढली आणि अशा चुका का होतात, हे डॉक्टरांना समजावू लागले.

वैमानिकांनी हा धडा आधीच घेतला होता. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमानं धडकून ५८३ माणसं गेली. त्यानंतर कॅप्टनला शंका बोलून दाखवण्याचं प्रशिक्षण सुरू झालं. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डचे भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी ते वैद्यकीय क्षेत्रात आणलं.

हे प्रशिक्षण म्हणजे काय? थिएटरसारखी खोली, टेबलावर श्वास घेणारा, नाडी असणारा पुतळा. सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स, टेक्निशियन सगळे हजर. शेजारच्या खोलीतून प्रशिक्षक अचानक पुतळ्याचं ब्लडप्रेशर उतरवतो. मग टीम काय करते, ते कॅमेऱ्यात टिपलं जातं. इथे चूक झाली तरी कुणाचा जीव जात नाही. नंतर सगळे एकत्र बसून बोलतात. दोष कुणाचा, हा प्रश्न नसतो. माहिती कुठे अडली, ते शोधलं जातं. काही सवयी अंगवळणी पाडल्या जातात: नाव घेऊन काम सांगणं, ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवणं, आणि धोका दिसला तर कनिष्ठानेही ‘सर, थांबा’ म्हणणं.

याचा उपयोग होतो का? अमेरिकेत माजी सैनिकांच्या ७४ रुग्णालयांत टीमना एकत्र काम करण्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यात चेकलिस्टही होती. २०१० च्या अभ्यासानुसार तिथे ऑपरेशननंतरचे मृत्यू १८ टक्क्यांनी घटले. प्रशिक्षण न मिळालेल्या रुग्णालयांत ही घट ७ टक्के होती.

आपल्यासाठी यात काय? ऑपरेशनआधी नर्सने तीन-तीनदा नाव, कोणत्या बाजूचं ऑपरेशन, कसली ॲलर्जी हे विचारलं तर चिडू नका. ती तपासणी आहे. अम्मी-अब्बूंच्या गोळ्यांची यादी लिहून न्या. काही खटकलं तर अदबीने पण स्पष्ट विचारा.

आणि आपल्या ज्या मुली-मुलं नर्सिंगला आहेत, त्यांना एवढंच सांगूया: मोठ्यांचा आदर करा, पण पेशंटसाठी बोलायला घाबरू नका.