नवे स्पीकर घेतले, तरी गाणं घुमतंय? आधी खोलीकडे बघा!

मित्राच्या घरी ऐकले, आवडले, चार महिने पैसे साठवून तेच स्पीकर घेतले. घरी आणून लावले आणि मजाच येईना! गाण्याचे शब्द घुमतायत, बेस एका जागी दणदणतोय तर दोन पावलांवर गायब. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं. मी स्पीकर परत करायला निघाले होते. पण स्पीकर ठणठणीत होते. गडबड होती ती माझ्या दहा बाय बाराच्या खोलीत.

खोली आवाज कसा बिघडवते?

घर बदलताना सामान हलवल्यावर रिकाम्या खोलीत आपलाच आवाज कसा घुमतो, आठवतं? तोच प्रकार इथे होतो. स्पीकरचा आवाज थेट कानावर येतो, तसाच तो भिंती, फरशी आणि छतावर आपटूनही येतो. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्यामुळे छोट्या खोलीत आपटून आलेला आवाज मूळ आवाजाच्या मागोमाग काही मिलिसेकंदांत पोहोचतो. कानाला हे दोन आवाज वेगळे कळत नाहीत. ते एकमेकांत मिसळतात आणि गाणं गिचमिड होतं.

गाद्यांनी सोडवलेलं कोडं

1895 साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एक नवा लेक्चर हॉल होता. तिथे बोललेला शब्द जवळपास साडेपाच सेकंद घुमायचा. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर हे काम सोपवलं गेलं. त्याने काय केलं? रात्री जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून हॉलमध्ये मांडल्या आणि दर वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. जितक्या गाद्या जास्त, तितका घुमारा कमी. त्यातून जे सूत्र निघालं, ते आजही वापरलं जातं. 1900 मध्ये सुरू झालेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधला गेला.

पहिला उपाय फुकट: जागा बदला

– दोन्ही स्पीकर आणि तुमचं डोकं, या तिघांचा समभुज त्रिकोण करा.
– ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, बसल्यावर कानाच्या उंचीला यायला हवा.
– दोन्ही स्पीकर बाजूच्या भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवा.
– कोपऱ्यात ठेवू नका. कोपऱ्यात बेस फुगतो.
– खोलीच्या बरोबर मध्यभागी किंवा भिंतीला टेकून बसू नका.

हा शेवटचा मुद्दा का? 50 हर्ट्झच्या बेसची एक लहर जवळपास 7 मीटर लांब असते, म्हणजे तुमच्या खोलीपेक्षा मोठी! दहा बाय बारा फुटांच्या खोलीत साधारण 47 आणि 56 हर्ट्झचे सूर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून बसतात. भिंतीजवळ ते दणदणीत ऐकू येतात आणि मध्यभागी जवळपास गायब होतात. ढोबळ हिशेब असा: बारा फूट लांबीच्या खोलीत समोरच्या किंवा मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर खुर्ची ठेवून सुरुवात करा, मग थोडी पुढे-मागे सरकवून बघा.

दुसरा उपाय: आरसा आणि गोधडी

तुम्ही खुर्चीत बसा. घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा हळूहळू सरकवायला सांगा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल, तिथूनच आवाज आपटून तुमच्याकडे येतोय. त्या जागी जाड पडदा, दुहेरी गोधडी किंवा जमल्यास रॉकवूलचं कापडात गुंडाळलेलं पॅनल लावा. समोरच्या फरशीवर सतरंजीपेक्षा जाड गालिचा बरा. मागच्या भिंतीला पुस्तकांचं भरलेलं कपाट असेल तर उत्तमच.

मग अंड्यांचे ट्रे आणि फोम?

अंड्यांचे ट्रे विसरा. ते बेसला हातही लावत नाहीत आणि कागदी असल्याने पटकन पेट घेतात. इंचभर जाडीचा फोम फक्त बारीक, तीक्ष्ण आवाज शोषतो. सगळ्या भिंतींना तोच चिकटवला तर झांजेची चमक जाते आणि बेस मात्र तसाच घुमत राहतो. बेससाठी कोपऱ्यात जाड, दाट पॅनल लागतं.

आणखी एक गैरसमज. फोम लावला म्हणून शेजाऱ्यांना आवाज जायचा थांबत नाही. खोलीतला घुमारा कमी करणं वेगळं आणि आवाज बाहेर जाऊ न देणं वेगळं. दुसऱ्यासाठी जड भिंती आणि फटी नसलेली दारं-खिडक्या लागतात. शेजाऱ्यांसाठी सध्या तरी आवाज कमी करणं हाच खात्रीचा उपाय!

आजच करून बघा

खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवा. मागोमाग 'टर्रर्र' असा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती टाळीशी चेंडूसारखा खेळ करतायत. मी फक्त स्पीकर दोन फूट पुढे ओढले आणि आईची जुनी गोधडी भिंतीवर टांगली. स्पीकर परत करायची गरजच पडली नाही. आई मात्र अजून विचारते, "गोधडी भिंतीला कशाला?"